फ्रेंचमध्ये ‘जायचं’ असेल तर ‘आले’ म्हणा

फ्रेंच शिकायला घेतलं की पहिल्या आठवड्यातच दोन क्रियापदं अंगावर येतात : ‘एत्र’ म्हणजे असणे आणि ‘आव्वार’ म्हणजे जवळ असणे. त्यांच्या मागोमाग तिसरं येतं ते ‘आले’, म्हणजे जाणे. स्पेलिंग ए-एल-एल-ई-आर. शेवटी ई-आर दिसल्यामुळे वाटतं, हे फ्रेंचमधल्या सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत सरळ गटातलं असणार. तसं ते नाही. ‘मी जातो’ म्हणताना ‘व्हे’, ‘आम्ही जातो’ म्हणताना ‘आलों’ आणि ‘मी जाईन’ म्हणताना ‘इरे’. एकाच क्रियापदाची ही तीन तोंडं पाहून नवशिक्या तक्ता उघडतो आणि घोकायला बसतो.

तक्ता घोकायला माझी हरकत नाही, पण आधी पाच मिनिटं काढून हे क्रियापद कशाचं बनलंय ते पाहावं. ‘आले’ हे मुळात एक क्रियापद नाहीच. तीन वेगवेगळ्या क्रियापदांचे तुकडे जोडून ते तयार झालंय. कुठला तुकडा कुठे लागतो ते कळलं, की घोकायचं फार थोडं उरतं.

आधी वाचायचं कसं ते ठरवू

या लेखात फ्रेंच शब्द देवनागरीत लिहिलेत, म्हणून चार संकेत ध्यानात ठेवा. ‘व्ह’ म्हणजे वरचे दात खालच्या ओठाला टेकवून काढलेला आवाज. ‘झ’ म्हणजे ‘झाड’मधला झ, फक्त त्यातला हकार काढून टाका. ‘ज’ मात्र ‘जीवन’मधल्या ज सारखा, पण जीभ टाळूला न टेकवता, हवा घासत सोडून. आणि ‘ओं’, ‘आं’ यांवरचा अनुस्वार हा नाकातला स्वर आहे. पुढे न किंवा म ऐकू येता कामा नये.

हा शेवटचा प्रकार मराठी माणसाला अगदीच परका नाही. जुन्या पुस्तकांत ‘तें’, ‘केलें’, ‘आम्ही गेलों’ असे अनुस्वार असायचे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ते लिहिण्यातून काढले. पण कोकणात आणि गोव्यात नाकातले स्वर बोलण्यात अजून जिवंत आहेत. तिकडच्या मुलांना ‘आलों’ सांगावं लागत नाही. पुण्या-नागपूरकडच्यांनी थोडा सराव करावा.

दुसरी सोय म्हणजे फ्रेंच ‘टी’ हा आपला दंत्य ‘त’ आहे. इंग्रजीच्या सवयीने ‘ट्यू’ म्हणू नका, सरळ ‘त्यू’ म्हणा. त्यातला ‘यू’ काढायचा तर ओठ ‘ऊ’सारखे गोल करा आणि आतून ‘ई’ म्हणा.

पायरी १ : वर्तमानकाळ

ज व्हे : मी जातो, जाते
त्यू व्हा : तू जातोस, जातेस
इल व्हा, एल व्हा, ओं व्हा : तो जातो, ती जाते, आपण जातो
नू-झालों : आम्ही जातो
व्हू-झाले : तुम्ही जाता
इल व्हों, एल व्हों : ते जातात, त्या जातात

‘नू’ आणि ‘व्हू’ या सर्वनामांच्या शेवटी एक मुका ‘एस’ आहे. पुढे स्वर आला की तो जागा होतो आणि झ सारखा ऐकू येतो. म्हणून ‘नू आलों’ नाही, ‘नू-झालों’. मराठी कानाला ही आयती खूण आहे : नू झालों, व्हू झाले. अर्थाचा काही संबंध नाही, पण एकदा ऐकलं की विसरत नाही.

लिहिताना ‘व्हे’चं स्पेलिंग व्ही-ए-आय-एस, तूचं व्ही-ए-एस, तोचं नुसतं व्ही-ए. तू आणि तो कानाला सारखेच. फरक फक्त कागदावर. ‘व्हों’ म्हणजे व्ही-ओ-एन-टी, टी मुका. वर्तमानकाळात ‘ते’ साठी असा ओ-एन-टी शेवट घेणारी क्रियापदं फ्रेंचमध्ये चारच आहेत : ओं, सों, फों, व्हों. म्हणजे त्यांच्याकडे आहे, ते आहेत, ते करतात, ते जातात. ही चौकडी एकत्रच पाठ करा.

‘ओं व्हा’ मधल्या ‘ओं’ला बरीच पुस्तकं कोपऱ्यात ढकलतात. वास्तविक रोजच्या बोलण्यात फ्रेंच माणूस ‘नू-झालों’ क्वचितच म्हणतो, बहुतेक वेळा ‘ओं व्हा’च म्हणतो. आपल्या ‘आपण’च्या बरंच जवळचं हे सर्वनाम आहे. ‘आपण सिनेमाला जातोय’ : ओं व्हा ओ सिनेमा.

पायरी २ : तीन तुकडे आले कुठून

लॅटिनमध्ये जाण्यासाठी मुख्य क्रियापद होतं ‘ईरे’. त्याची वर्तमानकाळातली रूपं फार तोकडी होती : एओ, ईस, ईत. लोकांच्या बोलीत शब्द झिजत गेले तशी ही इवलीशी रूपं कानाला पुरेनाशी झाली. मग त्यांच्या जागी दुसरी, अंगाने भरलेली क्रियापदं आली. एक होतं ‘वादेरे’, म्हणजे झपाझप जाणे, पुढे घुसणे. व्हे, व्हा, व्हों ही त्याची संतती. दुसरं ‘आंबुलारे’, म्हणजे चालणे, फिरणे. ‘आले’ त्यापासून झिजून झाला असं बहुतेक अभ्यासक मानतात. मात्र आंबुलारेचा आले व्हायला मधल्या पायऱ्या कशा पडल्या यावर वाद आहे आणि तो अजून मिटलेला नाही. याच आंबुलारेतून फ्रेंचमध्ये सैन्याबरोबर फिरणाऱ्या इस्पितळाला ‘चालतं इस्पितळ’ असा शब्द झाला आणि त्यातून आपली ॲम्ब्युलन्स आली.

मूळचं ‘ईरे’ पुरतं गेलं नाही. ते भविष्यकाळात जाऊन बसलं : जिरे, म्हणजे मी जाईन. सिनेमागृहातल्या दारावर जे ‘एक्झिट’ लिहिलेलं असतं, ते मुळात याच क्रियापदाचं रूप आहे : ‘तो बाहेर जातो’. आणि संस्कृतातला ‘इ’ धातू, एति म्हणजे जातो, हा या ईरेचा सख्खा चुलतभाऊ. उदय, उपाय, उत्तरायणातलं अयन, सगळे त्या धातूचेच. म्हणजे फ्रेंच माणूस ‘इरा’ म्हणतो तेव्हा जो धातू वापरतो तो आपण संक्रांतीला वापरतोच.

अशी जोडाजोड ऐकून फ्रेंचला हसण्याआधी मराठीकडे पाहा. ‘जातो’ आणि ‘गेला’ यांत एक तरी अक्षर सारखं आहे का? ‘जा’ आला संस्कृत ‘या’ धातूवरून, ‘गेला’ आला ‘गम्’च्या ‘गत’वरून. आपण जन्मापासून दोन तुकड्यांचं क्रियापद वापरतोय आणि कोणाला काही खुपलं नाही. इंग्रजीत गो आणि वेंट यांचीही तीच गोष्ट. सतत वापरातल्या क्रियापदांनाच असा विचित्रपणा परवडतो, कारण मुलं ती रूपं नियम कळायच्या आत ऐकून शिकलेली असतात.

लॅटिनच्या इतर लेकींनीही हेच केलं. इटालियन म्हणते वादो, पण आम्ही साठी आंद्यामो. पोर्तुगीजमध्ये मी जातो म्हणजे व्हो, तो जातो म्हणजे व्हाय. गोव्यात १९६१ च्या आधी पोर्तुगीजमधून शाळा शिकलेलं कोणी घरात असेल तर त्यांना विचारा. फ्रेंच ‘व्हा’शी नातं लगेच कळेल.

आता या इतिहासाचा उपयोग. तुकड्यांची वाटणी अशी :

‘व्ह’चा तुकडा फक्त वर्तमानकाळात, तोही मी, तू, तो आणि ते एवढ्यांपुरता. शिवाय ‘तू जा’ या आज्ञेत.
‘इर’चा तुकडा फक्त भविष्यकाळात आणि ‘गेलो असतो’ छापाच्या संकेतार्थात.
बाकी सगळीकडे ‘आल’.

वर्तमानकाळात आम्ही-तुम्ही मध्येच वेगळे का पडले याला कारण आहे. लॅटिनमध्ये मी, तू, तो, ते या रूपांत आघात धातूवर पडायचा आणि आम्ही-तुम्हीमध्ये शेवटाकडे सरकायचा. आघात जिथे वेगळा तिथे धातूही वेगळा टिकला. इटालियनमध्येही नेमकी याच जागी फट पडते.

पायरी ३ : कुठे जायचं ते सांगितल्याशिवाय सुटका नाही

मराठीत ‘मी जातो’ हे पूर्ण वाक्य आहे. फ्रेंचमध्ये नुसतं ‘ज व्हे’ अधांतरी लोंबकळतं. ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो. ठिकाण सांगायचं नसेल किंवा आधी सांगून झालं असेल तर ‘तिथे’ या अर्थाचा ‘ई’ घालावा लागतो : जी व्हे. निघताना फ्रेंच माणूस हेच म्हणतो, ‘बों, जी व्हे’. आपण निघताना ‘येतो’ म्हणतो, ‘जातो’ म्हटलं तर घरातली म्हातारी माणसं रागावतात. फ्रेंचला असला काही संकोच नाही. मात्र ‘आलोच’ ला त्यांच्याकडे जोड आहे : ‘जारीव्ह’, म्हणजे शब्दशः ‘पोचतोय’, आणि म्हणणारा आपल्यासारखाच अजून अंघोळीत असू शकतो.

ठिकाणांची गंमत अशी की मराठीत एका ‘ला’ने भागतं : पॅरिसला, फ्रान्सला, बाजाराला, डॉक्टरकडे एवढंच काय ते वेगळं. फ्रेंचमध्ये चार पर्याय आहेत.

गाव असेल तर ‘आ’ : ज व्हे आ पारी. ज व्हे आ पोंदिशेरी.
देश स्त्रीलिंगी असेल किंवा स्वराने सुरू होत असेल तर ‘आं’ : आं फ्रांस, आं-नॅंद. दुसरा म्हणजे भारत. इथे अनुस्वाराच्या पाठीमागचा न जागा होतो, म्हणून ‘आं-नॅंद’.
देश पुल्लिंगी असेल तर ‘ओ’ : ओ पोर्त्युगाल, ओ जापों. अनेकवचनी देशालाही ‘ओ’च, स्पेलिंग मात्र वेगळं, अमेरिकेला म्हणजे ओ-झेता-झ्यूनी.
माणसाकडे जायचं असेल तर ‘शे’ : शे ल मेद्सॅं म्हणजे डॉक्टरकडे, शे म्वा म्हणजे माझ्या घरी.

‘ओ’ हा मुळात ‘आ’ आणि ‘ल’ यांचा संधी आहे. त्यामुळे गावातल्या जागांनाही तो लागतो : ओ मार्शे, बाजाराला. स्त्रीलिंगी जागेपुढे संधी होत नाही : आ ला गार, स्टेशनला. स्वर आला तर आ लोपिताल, इस्पितळात. आणि सगळ्यांत आधी लागणारं वाक्य : ज व्हे ओ त्वालेत.

‘शे’ बद्दल एक खूण. पावाचं दुकान म्हटलं तर ‘आ ला बूलांजरी’, पाववाला माणूस म्हटलं तर ‘शे ल बूलांजे’. आपण ‘वाण्याकडे जातो’ आणि ‘दुकानात जातो’ म्हणतो, तोच भेद. ‘कडे’ सुचलं की ‘शे’, हे जवळपास नेहमी जमतं.

वाहनांचंही थोडं पाहून ठेवा : आं त्रॅं, आगगाडीने. आं ब्यूस, बसने. आ व्हेलो, सायकलने. आ प्ये, पायी. ज्याच्या आत बसतो त्याला ‘आं’, ज्यावर बसतो किंवा चालत जातो त्याला ‘आ’. स्टेशनवर तिकीट काढताना क्रियापद नाम होऊन येतं : ‘अं-नाले सॅंपल’ म्हणजे एकेरी, ‘अं-नाले-रतूर’ म्हणजे जाऊन-येऊन.

पायरी ४ : सा व्हा?

फ्रान्समध्ये दिवसातून सगळ्यांत जास्त वेळा कानावर पडणारं ‘आले’चं रूप म्हणजे ‘सा व्हा’. सूर वर नेला तर प्रश्न, खाली आणला तर उत्तर. ‘सा व्हा?’ ‘सा व्हा.’ झालं संभाषण.

इथे इंग्रजीतून विचार करणारा अडखळतो, कारण तो ‘कसा आहेस’ मधलं ‘आहे’ शोधतो. मराठीतून विचार करा. ‘कसं चाललंय?’ ‘ठीक चाललंय.’ फ्रेंचही तेच विचारतो. अनोळखी किंवा वयाने मोठ्या माणसाला पूर्ण वाक्य वापरा : कोमां ताले-व्हू? उत्तर : ज व्हे ब्यॅं, मेर्सी. ‘कोमां’च्या शेवटचा मुका टी इथे ‘ताले’ म्हणून ऐकू येतो.

‘सा व्हा’ची एक छुपी जागा आहे. जेवताना यजमान अजून वाढायला आले आणि तुम्ही ‘सा व्हा, मेर्सी’ म्हणालात, तर त्याचा अर्थ ‘नको, पुरे’ असा होतो. आणखी हवं असेल तर स्पष्ट ‘वी’ म्हणा. आग्रहावर विसंबून राहू नका. तिथे दुसऱ्यांदा विचारतीलच असं नाही.

कपड्यांच्या दुकानात हेच क्रियापद ‘शोभणे’ होतं. सेत रोब त व्हा ब्यॅं : हा ड्रेस तुला छान दिसतो. ‘आले आव्हेक’ म्हणजे एखाद्या गोष्टीबरोबर जुळणे. आपण ‘या पँटवर तो शर्ट जातो’ म्हणतोच, तेव्हा हा अर्थ वेगळा पाठ करायची गरज नाही.

पायरी ५ : उद्याचं बोला, नवं काही न शिकता

नवशिक्यासाठी ‘आले’ची खरी किंमत इथे आहे. वर्तमानकाळाची सहा रूपं आली की फ्रेंचमधल्या कुठल्याही क्रियापदाचा नजीकचा भविष्यकाळ तयार होतो. ‘आले’चं रूप घ्या, पुढे दुसऱ्या क्रियापदाचं मूळ रूप जसंच्या तसं ठेवा.

ज व्हे मांजे : मी जेवणार आहे.
इल व्हा प्लव्वार : पाऊस पडणार आहे.
ओं व्हा पार्तीर : आपण निघणार आहोत.
ज व्हे-झाले आ नाग्पूर : मी नागपूरला जाणार आहे. यात आले दोनदा आलंय आणि ते बरोबर आहे.

नकार ‘न’ आणि ‘पा’ यांच्या कात्रीत ‘आले’लाच पकडतो, दुसऱ्या क्रियापदाला हात लावत नाही : ज न व्हे पा मांजे. बोलताना फ्रेंच माणूस ‘न’ गिळून टाकतो आणि ‘ज व्हे पा मांजे’ म्हणतो. बोलताना तसं चालेल. परीक्षेच्या पेपरात ‘न’ सोडू नका.

‘आले शेर्शे’ ही जोडी वेगळी लक्षात ठेवा. शब्दशः ‘शोधायला जाणे’, पण अर्थ ‘आणायला जाणे’. ज व्हे शेर्शे ले-झांफां म्हणजे मी मुलांना आणायला जातोय. मुलं हरवलेली नाहीत, शाळा सुटली आहे.

पायरी ६ : गेलो, गेले, गेली

भूतकाळासाठी बहुतेक फ्रेंच क्रियापदं ‘आव्वार’ची मदत घेतात. ‘आले’ मात्र ‘एत्र’ची, म्हणजे असण्याची मदत घेतं : ज स्वी-झाले, मी गेलो. इल ए-ताले, तो गेला. एल ए-ताले, ती गेली. इल सों-ताले, ते गेले.

ऐकायला सगळीकडे ‘आले’च. लिहिताना मात्र कर्त्याचं लिंग-वचन क्रियापदाला चिकटतं : स्त्री असेल तर शेवटी आणखी एक ई, अनेकवचन असेल तर एस, दोन्ही असेल तर ई-एस. इंग्रजी माध्यमातून फ्रेंच शिकवताना या जागी भली मोठी चर्चा होते. मराठी माणसाला ती ऐकून आश्चर्य वाटावं. गेलो, गेले, गेला, गेली, गेल्या हे आपण विचार न करता करतो. फरक इतकाच की आपलं कानाला ऐकू येतं आणि त्यांचं कागदावरच राहतं.

आणखी पुढे जा. ‘मी पोळी खाल्ली’, ‘मी आंबा खाल्ला’. इथे मराठी क्रियापद कर्त्याकडे पाहत नाही, कर्माकडे पाहतं. फ्रेंचमध्येही आव्वार घेणारी क्रियापदं कर्त्याशी जुळत नाहीत. कर्म क्रियापदाच्या आधी आलं तर त्याच्याशी जुळतात. म्हणजे ‘गेली’ कर्त्याप्रमाणे आणि ‘खाल्लेली पोळी’ कर्माप्रमाणे, ही विभागणी दोन्ही भाषांत आहे. फ्रेंच मुलं शाळेत ज्या नियमापायी मार्क घालवतात तो आपल्याला निम्मा तरी घरातून येतो. मराठीतून फ्रेंच शिकवणारी पुस्तकं याचा पुरेसा उपयोग करत नाहीत, हे माझं मत.

लिहिताना दुसरा घोटाळा : मूळ रूपाचा ई-आर, तुम्हीचा ई-झेड आणि भूतकाळाचा टोपीवाला ई (म्हणजे वर तिरकी रेघ असलेला é), तिघांचा उच्चार एकच, ‘आले’. फ्रान्समधले लोकही यात सर्रास चुकतात. आपल्याकडे तोडगा आहे. वाक्य मनात मराठीत म्हणा. ‘जायला’ किंवा ‘जाणार’ आलं तर ई-आर. ‘तुम्ही जाता’ आलं तर ई-झेड. ‘गेलो’ आलं तर टोपीवाला ई.

‘जायचो’, ‘जात असे’ यासाठी दुसरा भूतकाळ आहे आणि तो अगदी सरळ ‘आल’वर चालतो : जाले, त्यू आले, इलाले, नू-झाल्यों, व्हू-झाल्ये, इल-झाले. लहानपणी मी दर रविवारी आजीकडे जायचो, हे या काळात. काल गेलो, हे आधीच्या काळात. मराठीत ‘जायचो’ बसत असेल तर हाच काळ घ्या.

बोलण्यात ‘जे एते आ पारी’ असंही ऐकाल. हे खरं तर ‘असणे’चं भूतकाळी रूप, पण अर्थ ‘मी पॅरिसला जाऊन आलोय’. कोणी म्हटलं तर समजून घ्या. लिहिताना ‘ज स्वी-झाले’च ठेवा.

पायरी ७ : जिरे

साधा भविष्यकाळ : जिरे, त्यू इरा, इलिरा, नू-झिरों, व्हू-झिरे, इल-झिरों. पहिलं रूप मराठी माणसाने विसरूच नये, स्वयंपाकघरात रोज हाती लागतं.

शेवटचे प्रत्यय पाहा : ए, आ, आ, ओं, ए, ओं. ही ‘आव्वार’ची वर्तमानकाळातली शेपटं आहेत. लोकभाषेतल्या लॅटिनमध्ये ‘ईरे हाबेओ’ म्हणजे ‘मला जायचं आहे’ असं म्हणत. हे दोन शब्द एकमेकांत मुरले आणि त्यांचा एक शब्द झाला. फ्रेंचमधल्या सगळ्याच क्रियापदांचा भविष्यकाळ याच रीतीने घडलाय, त्यामुळे हे प्रत्यय एकदा शिकले की कायमचे कामाला येतात.

‘ज व्हे-झाले’ आणि ‘जिरे’ यांत काय निवडायचं? ठरलेलं, जवळचं असेल तर पहिलं. लांबचं, वचन दिल्यासारखं किंवा ‘जेव्हा... तेव्हा’ मधलं असेल तर दुसरं. बोलताना पहिलंच जास्त ऐकू येतं.

याच ‘इर’ला आधीच्या पायरीतली ‘जायचो’ची शेपटं लावली की ‘गेलो असतो, जाईन म्हणतो’ असा अर्थ येतो. उच्चार जवळजवळ ‘जिरे’च, स्पेलिंगमध्ये शेवटी एक एस जास्त.

पायरी ८ : जा, चला, निघ

आज्ञार्थ तीनच : व्हा (तू जा), आलों (चला, जाऊ या), आले (तुम्ही जा). ‘तू’च्या आज्ञेत शेवटचा एस गळतो, नुसतं व्ही-ए लिहायचं. पण पुढे ‘तिथे’वाला ‘ई’ आला की तो एस परत येतो, कारण नाहीतर दोन स्वर एकमेकांवर आपटतात : व्हा-झी, म्हणजे ‘जा, सुरू कर’. खेळाच्या मैदानावर ‘आले ले ब्ल!’ असा गजर होतो. फ्रान्सचा संघ निळ्या कपड्यात खेळतो म्हणून ‘ब्ल’. त्या ‘आले’त जाणं वगैरे काही नाही, आपलं ‘चलो, हाणा’ आहे. ‘आपण जाऊ या का?’ ला ओ-नी व्हा? सूर खाली आणला की तेच उत्तर.

‘सां-नाले’ म्हणजे उठून निघून जाणे. ज मां व्हे, मी निघतो. व्हा-तां! हे मात्र ‘चालता हो’ आहे; जपून.

आणि एक चुकार रूप राहतं. ‘मला जायला हवं’ हे फ्रेंचमध्ये इल फो क जाय. ‘जाय’ हे ‘आल’चंच मऊ झालेलं रूप आहे. मी, तू, तो, ते या चौघांना ‘आय’, आणि आम्ही-तुम्हीला आल्यों, आल्ये. कोकणी येणाऱ्यांना सोपं : तिथे ‘जाय’ म्हणजे ‘हवं’च. योगायोग आहे, पण फुकट मिळतोय तर वापरा.

काय सध्या सोडून द्यायचं

‘ज व्हा’ असं कुठे ऐकलंत तर दचकू नका. सतराव्या शतकात ‘ज व्हे’ बरोबर की ‘ज व्हा’ यावर फ्रान्समध्ये खरोखर वाद चालला होता. दोमिनिक बूऊर नावाचा व्याकरणकार पाद्री १७०२ साली मरण पावला, तेव्हा शेवटच्या क्षणी ‘मी आता मरणार’ हे वाक्य ‘ज व्हे’ आणि ‘ज व्हा’ अशा दोन्ही रूपांत म्हणून ‘दोन्ही चालतं’ असं त्याने सांगितलं, अशी आख्यायिका आहे. पुढे प्रमाण भाषेत ‘ज व्हे’ जिंकलं. कॅनडातल्या फ्रेंचभाषी क्वेबेक प्रांताच्या बोलण्यात ‘ज व्हा’ अजून ऐकू येतं.

कादंबरी वाचताना ‘इलाला’ म्हणजे तो गेला आणि ‘इल-झालेर’ म्हणजे ते गेले अशी रूपं भेटतील. हा लेखी गोष्टींचा भूतकाळ आहे. ओळखता आला की पुरे, तयार करता यायची गरज नाही. त्याच्याही पलीकडचं ‘जालास’ वगैरे तक्त्याच्या तळाला दिसेल. ते आज कोणी बोललंच तर थट्टेने बोलतो. पहिल्या वर्षी तक्त्याचा तो भाग झाकून ठेवा.